माफी मागत फिरल्याला शमशुद्दीन जॉबर

शमशुद्दीनच्या गळ्यात हार मी घातला. कबनूरच्या चौकात, चार माणसांत, मोबाइलवर फोटो काढून घातला. आणि दुसऱ्या दिशी सकाळी त्या माणसानं जीव द्यायचा प्रयत्न केला.

तुमी म्हणशिला, असं कसं? मी बी त्येच म्हणतोय की! दोन म्हयनं झालं, भाकरीचा घास हातात घेतला की त्येच डोस्क्यात येतंय. त्येनं काय केलं, कसं केलं, ते मी सांगणार न्हाय आणि कुणी मला इचारायचं बी न्हाय. माणूस वाचला, तेवढं पुरं हाय. पर आदल्या दिशी आमी सगळ्यांनी मिळून जो खुळेपणा केला, त्यो सांगणार. त्यात मीच सगळ्यांत म्होरं हुतो.

मी भाऊसो. अडुसष्ट वर्सांचा गडी. इचलकरंजीत एकाच शेडात चाळीस वर्सं माग चालवलं. शमशुद्दीन तिथंच जॉबर हुता. जॉबर म्हंजे मागाचा डॉक्टर, असं समजा. माग बिघडला की त्येला हाक. गडी यायचा, मागाजवळ नुसता उभा ऱ्हायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "ह्येचा उजव्या अंगाचा बोल्ट ढिला झालाय." शंभर मागांच्या खडखडाटात त्येला एका मागाचा खोकला कळायचा. मालक सुदा त्येला अरेतुरे करत नव्हता.

त्या खडखडाटानंच पुढं कान खाल्लं. आमच्यातल्या निम्म्या गड्यांना ऐकायला कमी येतंय, माझा बी डावा कान गेल्यालाच हाय, म्हणून तर मी असा वराडून बोलतोय. पर शमशूचं दोन्ही कान पाक गेलं.

शेडात एक गंमत असायची. मागाच्या आवाजात बोलून काय उपेग न्हाय, म्हणून आमी आवाज न काढता बोलायचो. नुसती ओठं हलवायची. समोरचा दहा माग सोडून उभा असला तरी बराबर वळखायचा. मिशीला पीळ दिल्याली खूण केली की समजायचं मुकादम आला. अंगठा तोंडाला लावला की च्या. मुकादमाच्या नाकासमोर त्येला शिव्या घालायचो आणि त्येला पत्ता न्हाय! शेडात ओठांनी बोलल्यालं भाईर कुणी सांगायचं न्हाय, येवढा एक नेम हुता. त्यो कुणी मोडला न्हाय. माझी आणि शमशूची दोस्ती ह्या मुक्या बोलण्यात झाली. माणूस लई टवाळ. रमजानात रोजा असला तरी माझ्या डब्यावर नजर ठेवून ओठांनी इचारायचा, "मीनावैनीनं आज काय दिलंय? नुसतं सांग, वास घेऊन गप बसतो."

मीनावैनी म्हंजे माझी बायको, मीनाबाई. ती बी सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर हुती बावीस वर्सं. आमची पोरगी लग्न करून पुण्याला गेली, घरात आता आमी दोघंच.

शमशूचं घर आमच्यापासनं चार घरं सोडून. घरात पोरगा शाहबाज, सून नाजिया, दोन नातवंडं. शाहबाज चांगला पोरगा हाय, ह्ये मी आधीच सांगून ठेवतो. बापाला कवा वर तोंड करून बोलला न्हाय. बापासाठी कानाचं मशीन आणलं. शमशूनं चार दिस लावलं आणि कपाटात टाकलं. म्हणला, "कानात शिट्टी वाजतीया भावा, माणूस बोलत न्हाय त्यात." कुणी परत दुरुस्त करून आणलं न्हाय. मी सुदा म्हणलं, जाऊ दे मर्दा, ह्या वयात काय ऐकायचं ऱ्हायलंय!

तीन वर्सांखाली नजीराभाभी गेल्या, शमशूची बायको. दोघांनी मक्केला उमऱ्याला जायचं ठरवून पासपोर्ट काढल्यालं, ते तसंच ऱ्हायलं. त्यापाठोपाठ आमच्या शेडातलं साधं माग भंगारात गेलं, मालकानं नवं ऑटोलूम आणलं. ट्रकात माग भरताना शमशू दारात उभा हुता. मी बी हुतो. मला काय वाटलं न्हाय, खोटं कशाला बोलू. मी म्हणलं, "चल, च्या पिऊ." त्यो आला न्हाय.

मग हळूहळू चौकात येणं कमी झालं. आला तर आमी बोलायचो, त्यो आमच्या तोंडाकडं बघायचा. चार माणसं एकदम बोलली की कुणाचं ओठ बघणार? हसायचं तिथं सगळ्यांच्या मागनं हसायचा. मग ते बी बंद झालं. जेवण निम्म्यावर आलं. पहाटं तीनलाच जाग येती म्हणायचा. आमी काय म्हणलं? म्हातारपण हाय, असंच असतंय. अहो, मागाला येवढं झालं असतं तर धावत जाऊन जॉबरला बोलावलं असतं की आमी!

आता त्या शुक्करवाराचं ऐका.

दुपारची नमाज झाल्यावर शमशू आमच्या दारात आला. पांढरा धुतल्याला नेहरू शर्ट, टोपी, डोळ्यात सुरमा. बस म्हणलं तर बसला न्हाय. माझं दोन्ही हात हातात घेतलं आणि म्हणला, "भाऊसो, येवढ्या वर्सांत काय बोललो असंन, काय चुकलं असंल, माफ कर मला." मग मीनाबाईकडं वळला. "वैनी, तुमी बी माफ करा. तुमच्या घरचं लई खाल्लं."

आता आमच्याकडं ह्येचा अर्थ शेंबडं पोरगं बी सांगंल. मुसलमानाच्या घरातनं कुणी हजला न्हायतर उमऱ्याला निघालं की आधी दारोदार जाऊन कहासुना माफ करून घेत्यात. शेजारी, पावणं, भांडण झाल्याला माणूस, सगळ्यांच्या दारात जाऊन माफी मागायची आणि मग निघायचं. मग लोक हार घालत्यात, गळाभेट घेत्यात, जेवायला बोलावत्यात. लई मोठा मान असतो त्यो.

मी तर नाचायचाच बाकी ऱ्हायलो. ओठ हलवून इचारलं, "उमऱ्याला?"

त्यो माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. व्हय म्हणला न्हाय, न्हाय बी म्हणला न्हाय. डोळं भरून आल्यालं. मी त्येलाच व्हय धरलं. म्हणलं, भाभीच्या आठवणीनं भरून आलंय.

"मर्दा, गुपचूप ठरवलंस व्हय! माझ्यासाठी खजूर आण. आणि तिथं माझ्या नावानं दुवा कर. मी बुद्धाचा हाय म्हणून सांग, चालतंय काय इचार!"

शमशू माझ्या खांद्यावर थाप मारून पुढच्या घराकडं गेला. मीनाबाई दारातच उभी ऱ्हायली. म्हणली, "अवो, भावजी हसलं न्हाईत."

"अगं, आनंदानं रडालाय त्यो. तुला काय कळतंय?" मी म्हणलं.

त्या दिशी शमशू वीस-बावीस घरं फिरला. सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगवाल्याबरूबर धा वर्सं बोलणं नव्हतं, त्येच्या दारात बी गेला. म्हातारी धोंडुबाई, जिच्या कोंबडीवरनं भांडण झाल्यालं, तिच्या पाया पडला. तिनं साखर भरवली. बातमी त्येच्या म्होरं पळत हुती. पाचव्या घरापासनं लोक दारात वाट बघत उभं, जॉबरचाचा कधी येतोय म्हणून. कुणी अत्तर लावलं, कुणी टॉवेल-टोपी दिली. मी सायकल काढली, इचलकरंजीला जाऊन गुलाबाचा हार आणला. चौकात त्येला गाठला, हार घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढून 'जुनी शेडवाली' ग्रुपवर टाकला. खाली मीच लिवलं, 'आमचा शमशू निघाला!'

आता तुमीच सांगा, ह्या हाताला काय करायचं?

शाहबाजनं फोटो बघितला त्यो सांजच्याला, कामाला हाय त्या ऑटोलूमच्या युनिटवर. त्येला वाटलं, मशिदीतल्या लोकांनी अब्बाचं नाव घातलं असंल, कुठला तरी ग्रुप जात असंल. सकाळी निवांत इचारू म्हणून झोपला. सकाळी यंत्र बंद पडल्याचा फोन आला, तसाच गेला. साडेधाला नाजियाची किंकाळी मी माझ्या उजव्या कानानं घरात बसून ऐकली.

मी पळालो. पायात चप्पल न्हाय. शेजारच्या रिक्षात शमशूला घालताना त्येचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं. खुंटीवर माझा हार लटकल्याला मी जाताना बघितला. इचलकरंजीत तात्पुरतं बघितलं आणि लगोलग कोल्हापूरला हलवा म्हणलं. हातकणंगल्यापत्तूर मी नुसतं "शमशू, शमशू" करत हुतो. त्येला ऐकाय येत न्हाय हे बी इसरून गेलो.

डॉक्टर लोकांची कमाल, गडी वाचला. तिसऱ्या दिशी वॉर्डात आणला.

वॉर्डाच्या भाईर शाहबाजनं माझं हात धरलं. "काका, पाया पडतो तुमच्या. भाईर कुठं बोलू नका. चुकून झालं असं सांगितलंय मी. आमच्यात ह्याला लई मोठा गुन्हा मानत्यात. जमातीत तोंड दाखवता येणार न्हाय. पोलिसांचं लफडं लागंल. अब्बाची येवढी इज्जत हाय, काल-परवा हार घातलाय लोकांनी."

हार म्हणल्यावर मी मान खाली घातली. म्हणलं, न्हाय बोलत बाबा.

डॉक्टर राउंडला आलं. तरुण पोरगा, पन्नास पेशंट गळ्यात पडल्याला. वाकून जोरात इचारलं, "आजोबा, कसं झालं हे?" शमशू छताकडं बघत हुता. त्येला काय कळणार? शाहबाजच बोलला, "डॉक्टर, त्यांना ऐकू येत न्हाय. नजर बी कमी हाय. चुकून झालं." डॉक्टरनं लिवून घेतलं. "ठीक आहे. रिपोर्ट चांगले आले तर उद्या घरी सोडतो." आणि पुढच्या खाटेकडं वळलं.

नाजिया मोसंबी सोलत हुती. शाहबाज उशाला उभा. मी खाटेच्या पायथ्याला. शमशूनं छतावरची नजर खाली आणली आणि माझ्याकडं बघितलं. मी काय ठरवून केलं न्हाय. ओठ आपोआप हललं. आवाज न काढता इचारलं, "चुकून?"

मग त्येचं ओठ हललं. "न्हाय."

मी परत ओठ हलवलं. "परत करणार हाईस?"

नाजियानं मोसंबीची फोड त्येच्या तोंडात घातली. त्येनं ती चावली, गिळली. सुनेच्या डोक्यावरनं हात फिरवला. आणि माझ्याकडं बघून ओठांनीच म्हणला, "घरी गेल्यावर."

आई गं! पोरगा हातभर लांब उभा, सून तोंडात फोडी भरवालीय, आणि त्यांच्या मधनं ह्यो माणूस मला मरणाचं सांगतोय, आणि त्या दोघांना पत्ता न्हाय! शमशू परत ओठांनी म्हणला, "कुणाला सांगू नगस."

मी भाईर आलो. जिन्यावर बसलो. लोक माझ्या अंगावरनं वरखाली करालेत. शेडातलं बोलणं भाईर सांगायचं न्हाय. चाळीस वर्सांत मी एकदा सुदा सांगितलं न्हाय, मुकादमानं कान पिळला तवा बी न्हाय. त्यात शाहबाजला शब्द दिल्याला. आणि ह्याला उद्या घरी सोडणार. काय करू? सांगितलं तर दोस्ती गेली. न सांगितलं तर दोस्तच गेला. माझीच मला शरम वाटाय लागली की मी ह्येच्यावर इचार करत बसलोय. उठलो आणि त्या तरुण डॉक्टरला गाठला. म्हणलं, "साहेब, चुकून झाल्यालं न्हाय. परत करणार हाय म्हणतोय. त्येला घरी सोडू नका."

डॉक्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. "त्यांना तर ऐकू येत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"त्यो ओठांनी बोलतोय. मला कळतंय."

मग मनाच्या आजाराच्या डॉक्टर आल्या, अक्षता मॅडम. बारीक बाई, पर पाक रोखठोक. मला म्हणाल्या, "काका, तुम्हीच मधे बसा. मी विचारते ते तसंच त्यांना सांगा आणि ते म्हणतील ते तसंच मला. आपल्या पदरचं काही घालू नका." शाहबाजला बी आत घेतलं. मॅडम त्येला म्हणाल्या, "पोलिसांची भीती काढून टाका. अशा माणसाला शिक्षा नको, उपचार हवेत, असं आता कायदाच म्हणतो."

मॅडमनी इचारलं, मी ओठ हलवलं. शमशूनं माझ्याकडं असं बघितलं की मी जमिनीत जावं. सांगितलंस व्हय, असं. मी ओठांनी म्हणलं, "व्हय. सांगितलं. शिव्या घाल, मार, पर बोल." मग त्येचं ओठ सुरू झालं, आणि मी त्येच्या तोंडचं माझ्या तोंडानं बोलाय लागलो.

"घरात सगळी बोलत्यात. मला दिसतंय. हसत्यात. काय झालं म्हणून इचारलं की म्हणत्यात, काय न्हाय अब्बा. सांगाय लागलं तर वराडत्यात. वराडताना त्यांचं तोंड रागावल्यागत दिसतंय. म्हणून मी इचारायचं बंद केलं."

शाहबाज रडाय लागला. मी थांबलो. मॅडमनी खूण केली, बोलत ऱ्हावा.

"नजीरा हुती तवा रातचं माझ्या तळहातावर बोटानं लिवायची. दिवसभरात कोण काय म्हणलं ते. ती गेल्यापासनं मला कायबी कळलं न्हाय. कोण आलं, कोण गेलं. मला वाटलं, भंगारात टाकल्याला माग घरात ठेवून ही पोरं तरी काय करणार."

मॅडमनी इचारलं, "शुक्रवारी सगळ्यांकडे का गेला होतात?"

मी ओठ हलवलं. शमशूनं डोळं मिटलं. परत उघडलं. आणि जे म्हणला ते मला माझ्याच तोंडानं म्हणावं लागलं.

"माफी मागायची म्हणून गेलतो. खरंच. पर वाटलं हुतं, कुणी तरी इचारंल, कुठं चाललास शमशुद्दीन? बावीस घरं फिरलो. कुणी इचारलं न्हाय. सगळ्यांनी हार घातलं. भाऊसोनं सुदा."

'भाऊसोनं सुदा' म्हणताना माझा आवाज गेला. मॅडमनी पाण्याचा ग्लास दिला. मी आयुष्यात कारखान्यात बोट तुटलं तवा रडलो न्हाय. त्या दिशी वॉर्डात पन्नास माणसांत ढसाढसा रडलो. आणि शमशू, ज्यो मराय निघाल्याला, त्यो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ओठांनी म्हणतोय, "जाऊ दे मर्दा."

त्येला तीन आठवडं ठेवून घेतलं. मॅडमनी आमाला बसवून सांगितलं, "हे म्हातारपण नाही, आजार आहे. डिप्रेशन. गोळ्या लागू पडायला थोडे आठवडे जातील, तोवर एकटं सोडायचं नाही. आणि रोज थेट विचारायचं, मरावंसं वाटतंय का म्हणून. विचारल्यानं डोक्यात येत नाही, उलट भार हलका होतो." अडचणीला कधीबी लावा म्हणून सरकारचा फोन नंबर कागदावर लिवून दिला, १४४१६. त्यो कागद मी पाकिटात ठेवला. कानाचं मशीन बी तिथंच नीट बसवून दिलं. आता शिट्टी वाजत न्हाय. पाक साफ न्हाय, पर समोर बसून बोललं की ऐकतोय. नाजिया पदर खोचून रोज त्येच्याम्होरं बसती आणि गल्लीतली सगळी भांडणं सांगती.

आणि मी रोज सकाळी नऊला त्येच्या घरी जातो. एकच सवाल. "काय रं, आज मरायचं मनात हाय काय?" पैल्यांदा मान हलवायचा, व्हय म्हणून. मग "थोडं" म्हणाय लागला. मग एक दिस म्हणला, "आज न्हाय. आज नाजियानं बिर्याणी केलीया." मी तिथंच पायरीवर बसलो.

भाईर मात्र शाहबाजनं बीपी वाढल्याचंच सांगितल्यालं. मी बी गप.

गेल्या शनवारी शमशू पैल्यांदा चौकात आला. आमी पाच-सहा म्हातारी बाकड्यावर बसल्यालो. एकजण म्हणला, "जॉबर, उमरा रद्द झाला म्हण की! परत कधी निघायचं?"

शमशूनं माझ्याकडं बघितलं. मग उभा ऱ्हायला आणि बोलला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा निघतोय त्ये कळत न्हाय, मशीन असलं तरी सवय जात न्हाय. अख्ख्या चौकानं ऐकलं. "उमऱ्याला निघालोच नव्हतो मी. मराय निघालतो! आता कोल्हापूरच्या मॅडमचं औषध चालू हाय. दर बुधवारी जातोय. आता बरं हाय."

च्याच्या गाड्यावरच्या पोराच्या हातातला कप तसाच ऱ्हायला. दुकानातनं माणसं भाईर आली. शाहबाज समोरच गाडी लावत हुता, त्येनं ऐकलं. मला वाटलं, आता पोरगं बापाला वडून घरात नेतंय. त्यो आला, बापाच्या शेजारी बाकड्यावर बसला आणि म्हणला, "मला बी एक कप द्या."

रविवारी धोंडुबाई काठी टेकत माझ्या दारात आली. "भाऊसो, त्या बाईकडं नंबर कसा लावायचा रं? मला झोपच लागत न्हाय. ह्यांच्या माघारी काय गोड वाटत न्हाय." मी तिला सगळं सांगितलं. छाती फुगल्याली माझी. वाटलं, चला, आपल्या हातनं काय तरी चांगलं झालं. सोमवारी सायझिंगवाला बी इचारून गेला, पावण्यासाठी पायजे म्हणून. पावणा कसला, त्येचंच त्येला पायजे हुतं.

आज मंगळवार. सांजच्याला मीनाबाई मेथी निवडत बसल्याली. म्हणली, "अवो, उद्याचाच बुधवार न्हवं त्या मॅडमचा?"

"व्हय. का गं? आणि कुणाला जायचं हाय?"

"मला."

मी हसलो. खरं सांगतो, हसलो मी! म्हणलं, "तुला काय धाड भरलीया? ठणठणीत हाईस की."

तिनं मेथीची काडी खाली ठेवली. माझ्याकडं न बघताच म्हणली, "सकाळी उठल्यावर वाटतं, कशाला उठलो. पोरगी पुण्याला गेल्यापासनं. मागल्या आडाकडं पाणी काढाय गेलं की लांब उभी ऱ्हाती मी. जवळ जायचं भ्या वाटतंय."

पंचेचाळीस वर्सं एका घरात, एका ताटाशेजारी ताट. "मला का सांगितलं न्हाईस गं? मीने, मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाईसा," ती म्हणली. "रोज नऊला भावजींना इचारून येतासा. घरात आलं की म्हणतासा, भाकरी वाढ."

मग मी इचारलं. मॅडमनी शिकवलंय तसंच, थेट. तिनं बी थेट सांगितलं. दोन तास बोलत हुती, मी मधे एक शबुद काढला न्हाय. आडावर फळी टाकून कुलूप घालून आलो. पोरीला फोन केला, ती निघालीया. आमची सकाळी आठची कोल्हापूरची गाडी हाय. मीनाबाईनं पिशवी भरून दाराजवळ ठेवलीया, आणि मी तिच्या शेजारी बसलोय. पाणी प्यायला सुदा उठायचं धाडस हुईना झालंय.